नऊ मिनिटांचा फोन

सून : तुम्ही काहीही म्हणा बाबा, मला हे पटत नाही. त्यांचा मुलगा जाऊन अडीच महिने झालेत, दोन बस बदलून ते आपल्याकडे आलेत, आणि आपण त्यांना खोटं सांगायचं?

मिस्त्री : खोटं कुठे? ब्रेकचं काम त्याला मीच सांगितलं होतं ना फोनवर? तेवढंच सांगायचं. त्यात माझं चुकलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

सून : आणि टायरचं?

मिस्त्री : टायरचा ट पण काढायचा नाही. मीही नाही आणि तूही नाही. ते टायर त्यांनी स्वतः आणून दिले होते पोराला. आता समोर बसवून सांगू, की साहेब, तुम्ही दिलेल्या टायरमुळे तुमचा मुलगा गेला? माझी जीभ उचलणार नाही.

सून : मेसेज सगळे मी टाइप केलेत, बाबा. चार वर्षं तुम्ही बोलताय आणि मी लिहितेय. ‘रबराचा दगड झालाय, काढून टाक’ हे माझ्या बोटांनी लिहिलंय.

मिस्त्री : म्हणून तर तुला आधी सांगून ठेवतोय. कुठे आहेत ते?

सून : शेडबाहेर. त्या हिरव्या गाडीचं बॉनेट उघडं आहे ना, त्यात वाकून बघतायत. हात मागे बांधलेत. कशाला धक्का लागू नये म्हणून बांधतात तसे.

मिस्त्री : बोलव त्यांना. आणि ती खुर्ची पूस आधी, ग्रीस लागलंय तिला.

(सून बाहेर जाते आणि एका वयस्कर गृहस्थांना घेऊन येते.)

चष्मेवाले : नमस्कार. काल रात्री फोन केला होता तो मीच. माझं चष्म्याचं दुकान आहे. तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या मुलाला ओळखत होता. लाल गाडी, दोन सीटची.

मिस्त्री : ओळखत होतो म्हणजे काय, दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला पहिला फोन त्याचा. गुडघे गेल्यापासून मी गाडीखाली जात नाही. ज्यांच्याकडे असल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या आहेत आणि ज्यांना घरीच हात काळे करायची हौस आहे, त्यांना फोनवर सांगतो, हे उघड, ते आवळ. अशी चाळीसेक माणसं आहेत. बसा ना. नाव एकाचंही लक्षात राहत नाही माझ्या. एक ‘धूर’ आहे, एक ‘किल्ली हरवली’ आहे. तुमचा मुलगा ‘टपटप’.

चष्मेवाले : टपटप?

सून : पहिल्याच मेसेजमध्ये त्यांनी इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. सकाळी गाडी चालू केली की टपटप वाजायचं, गरम झाली की थांबायचं. बाबांनी मला लिहायला सांगितलं, की लाकडाचं काहीतरी लांब घे, एक टोक इंजिनाला लाव आणि दुसरं कानाला. जिथे मोठ्यानं ऐकू येईल तिथलं झाकण उघड.

चष्मेवाले : म्हणजे ते तुम्ही सांगितलं होतं. लाकडी पळी घेऊन गेला तो स्वयंपाकघरातली. त्याची आई तासभर शोधत होती. शेवटी घरामागच्या शेडमध्ये बघते तर हा गाडीवर ओणवा, पळी कानाला. तिला वाटलं, डोकं फिरलं याचं. ती पळी धुऊन परत आणून दिली, पण तिनं पुन्हा भाजीला लावली नाही.

मिस्त्री : हे नव्हतं सांगितलं त्यानं मला.

चष्मेवाले : मला तरी कुठे सांगितलं? ती सांगते आता. त्या वेळी मी शेडमध्ये जात नव्हतो.

सून : पाणी घ्या ना. चहा ठेवू?

चष्मेवाले : पाणी पुरे. मी जास्त वेळ घेणार नाही. मिस्त्री, मला एकच विचारायचंय. पोलिसांनी कागदावर लिहिलंय, वेग जास्त असावा, रस्ता ओला होता. वळणावर गाडीची मागची बाजू सुटली, गाडी फिरली आणि झाडावर गेली. आता वेग जास्त नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. मग काय झालं असेल?

मिस्त्री : ब्रेक.

चष्मेवाले : ब्रेक?

मिस्त्री : आधीच्याच रविवारी त्यानं ब्रेकच्या नळीतली हवा काढली होती. पेडल मऊ लागतंय म्हणाला होता. हवा काढताना चाकांचा क्रम पाळावा लागतो. पेडलपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. तो क्रम मी नीट सांगितला नाही. माझ्याकडून राहून गेलं. हवा आत राहिली असणार, आणि ऐन वेळी एक चाक धरलं, एक सुटलं. ती चूक माझी आहे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

चष्मेवाले : क्रम सांगायचा राहिला?

मिस्त्री : हो.

चष्मेवाले : मिस्त्री, हवा काढायला दोन माणसं लागतात ना? एक खाली चाकापाशी आणि एक वर, पेडल दाबायला.

मिस्त्री : लागतात.

चष्मेवाले : वर मी होतो. त्यानं मला सीटवर बसवलं होतं. खालून म्हणायचा, बाबा, दाबा. धरून ठेवा. आता सोडा. फोन त्यानं फरशीवर ठेवला होता, आवाज मोठा करून. तुम्ही तीन वेळा म्हणालात, लांबच्या चाकापासून धर, लांबच्या चाकापासून. तिसऱ्या वेळी तो हसून म्हणाला, काका, मी बहिरा नाही. नंतर पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं, माझ्याच पायाखाली. ब्रेक नीट होते.

सून : बाबा, आता पुरे.

चष्मेवाले : तुम्ही माझ्यासाठी असं म्हणालात ते कळतंय मला. पण चाळीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवून विचारतोय, आधीचं भिंग बरं की हे? काही माणसं मला बरं वाटावं म्हणून ‘हे’ म्हणतात. त्यांना चुकीचा चष्मा मिळतो. मला टायरचं माहीत आहे.

मिस्त्री : कोणी सांगितलं?

चष्मेवाले : त्याचा फोन फुटला होता. मोबाईलवाल्याकडे दिला होता, गेल्या आठवड्यात त्यानं उघडून दिला. तुमचे मेसेज वाचले सगळे, चार वर्षांचे. तुम्ही लिहिता ना, बाई, ते? शेवटी ‘जपून’ लिहायचात प्रत्येक वेळी.

सून : ते बाबा सांगायचे नाहीत. मीच माझ्या मनानं लिहायचे.

चष्मेवाले : बरं वाटलं वाचून. तर त्यात ते आहे. नवीन टायर बसवले म्हणून त्यानं फोटो पाठवला. तुम्ही विचारलंत, कडेवर शेवटचे चार आकडे काय आहेत? त्यानं पाठवले. तुम्ही कळवलंत, म्हणजे कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते. तेरा वर्षांचे आहेत. न वापरता पडून राहिले म्हणून नक्षी कोरी दिसते, पण रबराचा दगड झालाय, ओल्या रस्त्यावर पकडणार नाही, काढून टाक. बरोबर?

मिस्त्री : बरोबर.

चष्मेवाले : त्यावर त्यानं लिहिलंय, ‘काका, फोन करतो.’ मग फोन झालाय. नऊ मिनिटांचा. त्यापुढे टायरबद्दल एक शब्द नाही. मी त्या नऊ मिनिटांसाठी आलोय, मिस्त्री. ते टायर कसे आणले होते मी, ते आधी ऐका, म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल. आमचं दोघांचं चार वर्षं जेवढ्यास तेवढं होतं. दुकान त्यानं पुढे चालवावं अशी माझी इच्छा होती. भिंग घासायला तो शाळेत असल्यापासून शिकला होता, माझ्यापेक्षा हात चांगला होता त्याचा. पण नको म्हणाला, नकाशे काढायच्या नोकरीला लागला, आणि त्याच महिन्यात ती गाडी आणली. गंजलेली, एक दार नाही. मला वाटलं, मला डिवचायलाच आणली. मी शेडकडे पाठ फिरवली. जेवताना एकमेकांना मीठ द्या, पाणी द्या, एवढंच. मग यंदा त्याच्या वाढदिवसाच्या आधी आमचं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं. त्यांच्याकडे कधीकाळी तशीच गाडी होती. म्हणाले, चार टायर पडलेत माळ्यावर, कागदसुद्धा काढलेला नाही, घेऊन जा पोराला. मी दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर शेडमध्ये शिरलो आणि गाडीच्या टायरवरचं माप भिंग लावून उतरवून घेतलं. मग माळ्यावरच्या टायरवरचं वाचलं. अगदी जुळलं. बारीक आकडे वाचणं हा माझा धंदा आहे, मिस्त्री. तारखेचे चार आकडे तिथेच होते, चार बोटांवर. तेही वाचले मी. ते काय असतात ते मला माहीत नव्हतं.

मिस्त्री : शंभरात नव्वद जणांना माहीत नसतं. नक्षी बघतात आणि खूश होतात.

चष्मेवाले : नऊ मिनिटांत काय बोलला तो?

मिस्त्री : सांगतो. सांगायलाच हवं आता. आधी मी झापलं त्याला. म्हटलं, कुठून आणलंस हे भंगार? तर म्हणाला, काका, भंगार म्हणू नका, बाबांनी दिलेत. मग सुरूच झाला. मी चार वर्षांत त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. तो बोलायचा ते सगळं नट, बोल्ट, ऑइल. घरचं कधी नाही. त्या दिवशी म्हणाला, बाबा टेम्पोत टायरांशेजारी बसून आले. एकेक टायर स्वतः ढकलत शेडपर्यंत आणला. मी विचारलं, माप कसं कळलं तुम्हाला? तर म्हणाले, मला वाचता येतं.

चष्मेवाले : हो. असंच म्हणालो होतो.

मिस्त्री : मी म्हटलं, ते सगळं ठीक आहे, पण उद्याच्या उद्या काढ. तो मग म्हणाला, काका, लगेच काढले तर बाबा पुन्हा शेडमध्ये यायचे नाहीत. आत्ता कुठे रोज संध्याकाळी येतात, स्टुलावर बसतात, हा पाना कशाचा विचारतात. मला महिनाभर द्या. मग मागचा एक पंक्चर झाला म्हणेन, दोन बदलेन, पुढच्या महिन्यात पुढचे दोन. त्यांना कळायचंही नाही.

चष्मेवाले : आणि तुम्ही?

मिस्त्री : मी ठीक आहे म्हटलं. एवढंच आहे ते. ब्रेकचं खोटं होतं, हे खरं आहे. मी म्हणालो, ठीक आहे, पण महिनाभर ओल्या रस्त्यावर काढू नकोस, वळणावर पाय हलका ठेव. त्या गाडीला सगळा जोर मागच्या चाकांना जातो, आणि मागचीच चाकं न धरणारी. हे मला माहीत होतं. दुसरं कोणी असतं तर मी शिव्या घालून काढायला लावले असते. याचं ऐकलं आणि मी विरघळलो. माझा मुलगा समुद्रावर असतो, बोटीवर. सहा-सहा महिने फोन नाही. मला वाटलं, बापलेक बोलतायत तर बोलू देत महिनाभर.

चष्मेवाले : तुम्ही नाही म्हणायला हवं होतं.

मिस्त्री : हो.

चष्मेवाले : मला फोन करायला हवा होता.

मिस्त्री : नंबर नव्हता तुमचा. पण मागितला असता तर मिळाला असता. हो, करायला हवा होता.

सून : मी म्हटलं होतं, बाबा, एक मेसेज पाठवून आठवण करू का? तुम्ही म्हणालात, सारखं टोकू नकोस. मग मीही नाही पाठवला.

चष्मेवाले : महिना पुरा व्हायला आठ दिवस राहिले होते.

मिस्त्री : त्यानं ओल्या रस्त्यावर गाडी का काढली, तेच मला कळत नाही. सांगितलेलं ऐकणारा होता तो. चार वर्षांत एकदाही माझा शब्द मोडला नव्हता.

चष्मेवाले : त्यानं नाही काढली. मी काढायला लावली. त्या गाडीत मी कधी बसलो नव्हतो. बसलो होतो ते पेडल दाबायला, उभ्या गाडीत. त्या दिवशी सकाळी दुकानात जाताना मी म्हटलं, आज सोड की मला गाडीनं. त्यानं दोनदा वर आभाळाकडे बघितलं. म्हणाला, बाबा, उद्या जाऊ. मी म्हटलं, आजच. मला वाटलं, म्हाताऱ्याला बसवायची लाज वाटते याला. थोडं टोचूनच बोललो. तो हसला आणि दार उघडलं. सगळ्या रस्त्यानं इतका हळू, की सायकलवाला पुढे गेला आमच्या. मी मनात म्हटलं, माझ्यासाठी हळू चालवतोय, मला भीती वाटू नये म्हणून. दुकानापाशी उतरलो तेव्हा रस्ता कोरडा होता. आमच्या गल्लीतले लोक बघायला आले गाडी. मी त्यांना सांगितलं, टायर मी दिलेत. त्याच्यासमोर सांगितलं. तो नुसता टायरकडे बघत उभा होता. मी कुलूप उघडेपर्यंत दोन-चार थेंब पडायला लागले. तो म्हणाला, बाबा, मी जरा थांबतो, पाऊस जाऊ दे. मी म्हटलं, तुला कामाला उशीर होईल, नीघ.

सून : काका...

चष्मेवाले : तेव्हा निघाला.

मिस्त्री : तुम्हाला माहीत नव्हतं.

चष्मेवाले : नव्हतं. मलाही ते रोज वाटतं, मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, या बाईंना माहीत होतं. मला तेवढं नव्हतं. सगळ्यांनी मला सांभाळलं. आणि आज तुम्ही पुन्हा सांभाळायला निघालात, ब्रेकचं सांगून. मला राग आला, मिस्त्री, मघाशी. आत्ताही आहे थोडा.

मिस्त्री : असू दे. असायलाच हवा.

चष्मेवाले : एक सांगा. तो फोनवर असं म्हणाला तेव्हा हसत होता का? म्हणजे, म्हाताऱ्याला काही कळत नाही, असं?

मिस्त्री : नाही. मुळीच नाही. आवाज बसला होता त्याचा. मला वाटलं, सर्दी झाली. मी विचारलं तर म्हणाला, शेडमध्ये थंडी आहे. उन्हाळा होता तेव्हा.

चष्मेवाले : बरं.

सून : हा रुमाल घ्या. धुतलेला आहे.

चष्मेवाले : नको, आहे माझ्याकडे. बाई, तुम्ही त्या चाळीस जणांना एकदम पण मेसेज पाठवता ना? त्याच्या फोनवर बघितलं मी. थंडीत बॅटरी कशी जपायची, महिनोनमहिने गाडी उभी असली तर पेट्रोलचं काय करायचं, असं सगळ्यांना एकच.

सून : हो, महिन्यातून एकदा. बाबा विषय सांगतात.

चष्मेवाले : या महिन्याचा गेला?

सून : अडीच महिने काहीच गेलेलं नाही. बाबा म्हणतात, मला आता कोणाला काही सांगायचं नाही. रविवारचा फोनही उचलत नाहीत. वाजून वाजून थांबतो.

चष्मेवाले : हे बरोबर नाही, मिस्त्री. ती चाळीस माणसं काय करणार? पळी घेऊन कुठे लावणार?

मिस्त्री : दुसरा कोणी भेटेल त्यांना.

चष्मेवाले : लिहून घ्या, बाई. टायरचं लिहा. आकडे कुठे असतात, कसे वाचायचे, ते मिस्त्री सांगतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, एवढं मलाही कळलंय आता. किती वर्षांनी काढायचे, मिस्त्री?

मिस्त्री : सहा वर्षं झाली की दर वर्षी जाणत्या माणसाला दाखवून घ्यायचे. दहाच्या पुढे ठेवायचेच नाहीत. कोरे दिसले तरी नाही. चिरा नसल्या तरी नाही.

चष्मेवाले : लिहिलंत?

सून : लिहिलं.

चष्मेवाले : त्याच्या खाली लिहा. कोणीही दिले असले तरी काढायचे. आणि ज्यानं दिलेत, त्याला त्याच दिवशी सांगायचं. त्याला वाईट वाटेल. वाटू द्यायचं.

सून : ‘वाटू द्यायचं.’ अजून काही?

चष्मेवाले : नाही. ‘जपून’ तुम्ही लिहालच.

मिस्त्री : पाठव ते. आत्ता पाठव, मी बघत नाही. आणि रविवारी फोनही माझ्याजवळ आणून दे.

चष्मेवाले : निघतो मी. पुढची बस चुकली तर पुन्हा तासभर उभं राहावं लागेल.

सून : काका, एक विचारू? त्यांच्या आईंना माहीत आहे हे? टायरचं?

चष्मेवाले : काल सांगितलं. आठ दिवस फोन खिशात घेऊन फिरत होतो, धीर होत नव्हता. काल संध्याकाळी ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. माळ्यावरच्या टायरपासून तुमच्या मेसेजपर्यंत. आणि आजच सोड म्हणालो होतो तेही. तिनं हातातला शर्ट घडी करून ठेवला, मग दुसरा घेतला. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही.

मिस्त्री : मग?

चष्मेवाले : सगळ्या घड्या संपल्यावर बोलली. म्हणाली, उद्या त्या मिस्त्रींकडे जाऊन या. ते बिचारे एकटेच स्वतःला दोष देत बसले असतील.